चार फुटांवरची मांडणी

आमच्या तळमजल्यावर आता प्लायवूडची एकही वस्तू नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा शुक्रवार पेठेत शिरली तेव्हा पुस्तकांचं कपाट, दिवाण, टीव्हीचं स्टँड सगळं पाण्यात राहिलं आणि पाणी उतरल्यावर थराथरानं सुटत गेलं. आम्ही परत तसंच सामान करून घेतलं, कारण ‘असा पूर आता आपल्या हयातीत यायचा नाही’ असं जो तो म्हणत होता. दोनच वर्षांनी, २०२१च्या जुलैत, तो आला. कोल्हापुरात नदीच्या बाजूला राहणाऱ्याला दोन आकडे पाठ असतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. दुसऱ्या खेपेचा गाळ काढताना मी ठरवून टाकलं की इथून पुढं खालच्या मजल्यावर जे ठेवायचं ते लोखंडी मांडणीवर आणि चार फुटांच्या वर. पाणी आमच्याकडे कमरेच्या थोडं वर येऊन थांबलं होतं, म्हणून चार.

फॅब्रिकेशनवाले त्या वर्षी कुणाला सापडत नव्हते. अख्ख्या नदीकाठाला एकाच वेळी गेट, शटर, रॅक, जिने दुरुस्त करून हवे होते. ज्याला मी मांडणीचं माप देऊन ठेवलं होतं तो फोनवर ‘परवा माणूस धाडतो वहिनी’ म्हणायचा आणि त्याचा परवा दिवाळी उलटली तरी उजाडला नाही. त्याचा राग नाही, माणसाला दोनच हात असतात. पण वाट बघून बघून डोक्यात भलतंच शिरलं. हे आपल्यालाच का येऊ नये?

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. तोवर हातानं करायचं काम म्हणजे खडू आणि लाटणं, एवढंच. कळंब्याच्या सरकारी आयटीआयमध्ये चौकशी केली. वेल्डरचा ट्रेड वर्षभराचा, प्रवेशाला आठवी पास चालतं. म्हणजे माझ्याच वर्गातून गेलेली काही मुलं तिथं रीतसर शिकलेली. पण तो दिवसभराचा अभ्यासक्रम आणि दिवसभर मी फळ्यासमोर. मग आमच्या शाळेचं गेट ज्यांनी केलं होतं त्या उद्यमनगरातल्या मेस्त्रींकडे गेले. ते म्हणाले, ‘बाई, कशाला हात भाजून घेताय, बनवून देतो की.’ मी म्हटलं, ‘कधी?’ त्यावर त्यांनी दुकानासमोर रचून ठेवलेल्या अर्धवट गेटांकडं बघितलं आणि जरा वेळानं म्हणाले, ‘मे महिन्यात या. सकाळी आठला. सुती कपडे घालून. ओढणी नको.’

कपड्यांचं प्रकरण वाटलं त्यापेक्षा मोठं निघालं. पॉलिएस्टरवर ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटतं. सुती कापडाला नुसतं भोक पडतं आणि करपल्याचा वास येतो, तेवढ्यात झटकता येतं. साडीचा पदर, ओढणी, सुटे केस यांपैकी काहीही ग्राइंडरच्या चाकाला गावलं तर माणूस ओढला जातो. शेवटी नवऱ्याची जुनी डेनिमची पँट आणि दिरांचा खाकी शर्ट, असा थाट ठरला. पँट खाली दुमडायची नाही, कारण दुमडीत ठिणग्या साठतात. ती बुटावरून खाली सोडायची. शर्टाची गळ्याची गुंडी लावायचीच. नाहीतर वेल्डिंगच्या आर्कच्या उजेडानं गळ्याखालची त्रिकोणी जागा उन्हात राबल्यासारखी भाजून निघते. पाटल्या, अंगठी, मंगळसूत्र घरी. मंगळसूत्राबद्दल सासूबाईंना कसं सांगायचं याची मी दोन दिवस जुळवाजुळव करत होते. त्या एवढंच म्हणाल्या, ‘ठेव डब्यात. तापलं तर तुझाच गळा भाजंल.’

मेस्त्रींनी बरेच दिवस वेल्डिंगचा रॉड धरायचा होल्डर हातात दिलाच नाही. आधी कापणं, मग घासणं. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेरे मारतो. मी तिथंच बोटावर हिशेब केला: १०० मिलिमीटर व्यासाच्या चाकाच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. मेस्त्रींना हे सांगितल्यावर ते म्हणाले, ‘म्हणूनच त्याच्या समोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं.’ उद्यमनगरात निम्म्या ग्राइंडरांचे गार्ड काढून फेकलेले असतात; गार्ड आडवा येतो, हात कोपऱ्यात जात नाही, अशी कारणं. हे मला अजून पटलेलं नाही. कटिंग व्हील चिंधड्या होऊन उडालं तर त्या तुकड्यांच्या आणि आपल्या चेहऱ्याच्या मध्ये तेवढा एक पत्राच असतो. चाकाच्या मधल्या पत्र्याच्या कड्यावर मुदतीची तारीख छापलेली असते, हेही तेव्हाच कळलं. त्यातलं चिकट द्रव्य काळानं आणि ओलीनं कमजोर होतं. पुरात भिजलेली चाकं काही दुकानांत वाळवून पुन्हा विकायला ठेवलेली मी बघितली आहेत. ती स्वस्त मिळतात म्हणून घ्यायची नाहीत.

कापताना चाक दाबायचं नाही, त्याचं वजन पडू द्यायचं. कापल्यावर कडेला राहणारी बारीक धार, जिला सगळे ‘बर’ म्हणतात, ती काढायची. मग जिथं जोड येणार तिथला काळपट थर आणि गंज घासून पांढरं लोखंड काढायचं. रंगावर, तेलावर, गंजावर वेल्डिंग मारलं की धातूत बुडबुडे अडकतात आणि जोड वरून धड, आतून पोकळ राहतो. हे सगळं होईतो अकरा वाजायचे. मग चहा.

होल्डर हातात आला तेव्हा मेस्त्रींनी आधी रॉडची ओळख करून दिली. दुकानात कुणी मिलिमीटर बोलत नाही. बारा नंबर म्हणजे अडीच मिलिमीटरचा, दहा नंबर म्हणजे सव्वातीनच्या आतबाहेर. नंबर वाढला की जाडी कमी होते. पत्र्याच्या गेजचंही तसंच, १६ गेज म्हणजे १.६ मिलिमीटर आणि १८ गेज १.२. पुड्यावर ६०१३ हा आकडा असतो. त्यातला ६० म्हणजे जोडाच्या धातूनं चौरस इंचाला किमान ६०,००० पौंडाचा ताण सोसायला हवा, १ म्हणजे आडवं-उभं-डोक्यावर कसंही मारता येतं, आणि शेवटचा आकडा वरच्या लेपाचा. हा लेप जळून वायू होतो आणि तो वायू वितळलेल्या लोखंडाला हवेपासून झाकतो. उरलेला भाग काचेसारखा थर होऊन वर बसतो. तो थर म्हणजे स्लॅग. हातोडीनं ठोकून तो काढल्याशिवाय खाली काय झालंय ते कळत नाही. बारा नंबरला साठ ते नव्वद अँपिअर, दहा नंबरला नव्वद ते एकशेतीस. बाकी मशीनच्या गोल बटणाकडं फार बघायचं नाही, लोखंडाकडं बघायचं.

‘काडेपेटीवर काडी ओढता तशी ओढा,’ मेस्त्री म्हणाले. ओढली की रॉड चिकटतो. हिसका मारून सोडवायचा, परत ओढायचा, परत चिकटतो. लागला तर इतका उजेड होतो की हात आपोआप मागं येतो आणि आर्क विझते. रॉडचं टोक आणि लोखंड यांच्यात रॉडच्या जाडीएवढंच अंतर लागतं, अडीच मिलिमीटर. पण रॉड सारखा जळून आखूड होत असतो, म्हणजे हात पुढं सरकवताना त्याच वेळी खालीही नेत राहायचा, आणि दोन्ही वेग वेगळे. मी इतकी वर्षं मुलांना दोन गतींची गणितं घालत आले. ती मनगटानं सोडवायची वेळ कधी आली नव्हती.

खरी गोष्ट कळली ती डोळ्यांपुढच्या काळ्या काचेतून काय बघायचं ही. सुरुवातीला सगळं लक्ष त्या झगझगीत ठिणगीकडं जातं. मेस्त्री मागं उभं राहून तेच ते सांगायचे: ‘बाई, उजेडाकडं बघू नका. पाण्याकडं बघा.’ पाणी म्हणजे रॉडच्या मागं साचणारं वितळलेलं लोखंड. काळ्या काचेतून ते नारिंगी दिसतं, त्याच्या कडा हलतात, आणि त्याच्या मागच्या बाजूनं गडद रंगाचा स्लॅग सरकत येतो. स्लॅग आणि पाणी यांतला फरक डोळ्याला दिसायला लागला त्या दिवशी माझी रेघ पहिल्यांदा सरळ आली. पाणी रुंद होतंय म्हणजे हात हळू. ते अंडाकृती सोडून टोकदार झालं म्हणजे घाई. दोन्ही तुकड्यांना ते सारखं भिजवतंय का, एवढंच बघत राहायचं. आवाजही सांगतो. सलग चरचर चालली असेल तर ठीक. मधेच फटफट करून ठिणग्या उडाल्या की अंतर वाढलंय.

पाट्यांवर रेघा ओढण्याचे दिवस मला कंटाळवाणे वाटले नाहीत, पण तिथंच थांबले असते तर मांडणी कधी उभी राहिली नसती. वेल्डिंग शिकायला जाणाऱ्याला वाटतं की आर्क मारता आली की काम आलं. काम आहे ते लोखंड ओढतं त्याचं.

मेस्त्रींनी एक सहा इंची पट्टी दुसऱ्या पट्टीवर काटकोनात उभी केली, गुण्या लावून दाखवला आणि एकाच बाजूनं मला पूर्ण वेल्डिंग मारायला लावलं. गार झाल्यावर परत गुण्या लावला. उभी पट्टी वेल्डिंगच्या बाजूला झुकली होती, वरच्या टोकाला दीड सूत. आठ सुतांचा इंच; उद्यमनगरात अजून सुतातच बोलतात. ‘ओढलं,’ मेस्त्री म्हणाले. प्रसरण आम्ही शाळेत शिकवतो, रुळांमधल्या फटीचं उदाहरण देतो आणि पुढं जातो. मीटरभर लोखंड शंभर अंशांनी तापवलं तर ते १.२ मिलिमीटरनं वाढतं. पण इथं पूर्ण पट्टी तापत नाही, एक अरुंद चिंधी तापते. तिला लांब व्हायचं असतं, आजूबाजूचं थंड लोखंड तिला होऊ देत नाही, मग ती तिथल्या तिथं दाबली जाते. गार होताना मात्र ती आकसते, आणि आता ती मुळापेक्षा आखूड असते. म्हणून ती शेजाऱ्याला घेऊन आत येते. जेवढं वेल्डिंग जास्त, तेवढं ओढणं जास्त. नवखा माणूस मजबुतीसाठी भरभरून मारतो आणि चौकट वाकडी करून ठेवतो.

यावर इलाज म्हणजे क्रम. आधी सगळे जोड नुसत्या टाक्यांनी धरायचे, चण्याएवढ्या टाक्यांनी. एका बाजूला टाका मारला की लगेच समोरच्या बाजूला. सगळी चौकट टाक्यांवर उभी राहिली की मापं घ्यायची, कारण अजून ती हातोडीला ऐकते. मग पूर्ण वेल्डिंग, तेही इथं दोन इंच, मग तिरकं पलीकडं जाऊन दोन इंच, मग तिसऱ्या कोपऱ्यात. एकाच जागी रेंगाळायचं नाही. आणि जिथं ओढ कुठल्या बाजूला जाणार हे माहीत आहे तिथं तुकडा आधीच उलट्या बाजूला सूतभर कलता धरायचा, म्हणजे गार होताना तो सरळ येतो. किती कलता, ते मेस्त्रींना नजरेनं कळतं. मी वहीत लिहून ठेवते.

चौकट काटकोनात आहे का, ते बघायला माझ्याकडं पायथागोरस होता. चार फूट बाय दीड फूट म्हणजे ४८ आणि १८ इंच; वर्गांची बेरीज २६२८, वर्गमूळ ५१.२६. म्हणजे कर्ण ५१ इंच २ सूत. मी हे कागदावर करीपर्यंत मेस्त्रींनी टेप एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात धरला, मग दुसरा कर्ण धरला, जो लांब होता त्याच्या कोपऱ्यावर एक ठोका मारला आणि पुन्हा मोजलं. दोन्ही सारखे. समोरासमोरच्या बाजू समान असल्या आणि कर्ण समान झाले की चौकोन आयतच असणार, हे प्रमेय मी दरवर्षी सिद्ध करून दाखवते. त्यांना वर्गमूळ लागतच नाही, ही माझ्यासाठी त्या महिन्यातली सर्वांत मोठी शिकवण होती. आता मी वर्गात हे प्रमेय सुतळी आणि चार पट्ट्या घेऊन शिकवते.

पावसाळ्याच्या आधी घरचं मशीन घेतलं. जुनी तेलातली ट्रान्सफॉर्मरची मशीनं दोन माणसांनी उचलायची. आताचं इन्व्हर्टर मशीन मी एका हातानं गच्चीवर नेते. विजेचा हिशेब वायरमनशी वाद घालण्याएवढा शिकावा लागला. आर्कचा व्होल्टेज साधारण २० अधिक अँपिअरच्या ०.०४ पट धरतात. १०० अँपिअरला २४ व्होल्ट, म्हणजे आर्कमध्ये २४०० वॅट. मशीनमधली गळती आणि बाकीचं धरलं की घरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटला ते जड जातं. बारा नंबरला पंच्याहत्तरवर मात्र आरामात चालतं. वायरमन म्हणत होता ‘काही होत नाही, लावा गीझरच्या पॉइंटला.’ मी वेगळी जाड वायर आणि वेगळा एमसीबी टाकून घेतला. गच्चीवर तीन बाजूंनी ताडपत्री बांधली, ती शेजाऱ्यांच्या डोळ्यांसाठी. प्लास्टिकची पाण्याची टाकी आणि वाळत घातलेले कपडे यांच्यापासून लांब जागा धरली, आणि पाण्याची एक बादली कायमची तिथंच.

मांडणी अँगलची केली, चौकोनी पाइपची नाही. पाइप दिसायला छान असतो, पण दोन कारणं होती. पातळ पाइपला नवख्या हातानं भोक पडतं. आणि पुराचं पाणी पाइपमध्ये शिरलं की गाळासकट आत बसतं. बाहेरून रंग चकचकीत आणि आतून गंज. आमच्या गल्लीतल्या एका पाइपच्या रॅकचा पाय २०१९नंतर अंगठ्यानं दाबल्यावर आत गेला होता. अँगलला आत-बाहेर नसतं. सगळीकडं ब्रश पोचतो, पाणी उतरलं की पाइपनं धुता येतं.

लोखंड किलोवर मिळतं आणि भाव त्या दिवशी सकाळी विचारायचा. पायांना ४० बाय ४० बाय ५चा अँगल, मीटरला ३ किलो. बार ६ मीटरचा येतो, म्हणजे १९ फूट ८ इंच. मला आधी उंची सात फूट हवी होती. एका बारात दोनच पाय निघाले असते आणि साडेपाच फुटांवर तुकडा उरला असता. उंची साडेसहा केली की तीन पाय निघतात, १९ फूट ६ इंच, आणि उरलेल्या दोन इंचांत कापणीची जागा. चार पायांचं लोखंड पावणेचोवीस किलो. खालची फळी चार फुटांवर, मग सव्वापाच, मग साडेसहा. फळ्यांच्या जागी पट्ट्या, मधे बोटभर फट, म्हणजे पाणी आणि गाळ अडकत नाही.

तीन आडव्या चौकटी जमिनीवर पाडून केल्या. त्या सपाट झाल्या. पायांना जोडताना दोन माणसं लागली. नवरा एक पाय धरून उभा राहिला आणि ‘टाका’ म्हटलं की डोळे मिटून तोंड फिरवायचं एवढंच त्याचं काम. तरी खालचे चार फूट नुसते पाय, त्यामुळं धक्का दिला की सगळं डुलायचं. आयत कलतो, त्रिकोण कलत नाही. मागच्या बाजूनं दोन तिरक्या पट्ट्या फुलीसारख्या टाकल्या, दोन्ही अंगांना एकेक, आणि मांडणी भिंतीत दोन अँकर बोल्टांनी धरली. पुराच्या पाण्यात वस्तू तरंगतात आणि धडका देतात. त्यानंतर मी स्वतः वर चढून बसून बघितलं. उभं वेल्डिंग पायांच्या आतल्या बाजूला आहे, जिथं पाहुण्याची नजर जात नाही. ते देखणं नाही. धरून मात्र आहे.

या सगळ्यात आर्क किती वेळ पेटलेली होती याचा अंदाज केला तर तो भातपिठलं करण्याएवढा भरतो. बाकीचे रविवार मोजण्यात, कापण्यात, घासण्यात आणि पुन्हा मोजण्यात गेले. मग रेडऑक्साइडचे दोन हात, वर ऑइलपेंट. जोडाच्या कोपऱ्यांत ब्रश कोंबून रंग भरायचा, कारण गंज तिथूनच सुरू होतो.

सासूबाईंसाठी वाळवणाची चौकट केली, चार पायांची, वर मच्छरदाणीचं कापड ताणायला कड्या. ती एका दुपारी झाली. कुरडया आता जमिनीपासून अडीच फुटांवर वाळतात आणि मांजराला पुरून उरतात. कुंड्यांचं स्टँड, जिन्याच्या दाराची निखळलेली बिजागरी, असलं किरकोळ चालूच असतं.

धुराबद्दल मात्र मी जरा कडक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७मध्ये वेल्डिंगचा धूर निश्चित कर्करोगकारकांच्या गटात टाकला. उघड्यावर काम, वारा पाठीमागून नाही तर बाजूनं, डोकं धुराच्या लोटात घालायचं नाही, आणि रुमाल नव्हे, वेल्डिंगच्या धुरासाठीचा मास्क. जीआय पाइप दिसला की मी हातच लावत नाही. त्याच्यावरचं जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि लोखंड वितळायला दीड हजार लागतात, म्हणजे जोड लागायच्या आधीच पांढरा धूर निघतो. तो ओढला की संध्याकाळी हुडहुडी भरते, ताप येतो, अंग मोडून जातं. दुसऱ्या दिवशी उतरतं म्हणून कुणी मनावर घेत नाही. दुकानात यावर गूळ खातात, दूध पितात. गूळ कधीही खावा, पण जस्त आधी घासून काढावं.

डोळ्यांचंही तेच. मेस्त्रींकडचा पोरगा टाके मारताना काच न धरता नुसते डोळे मिटायचा. त्रास लगेच होत नाही, सहा-आठ तासांनी होतो. रात्री त्याला डोळ्यांत खडे टोचत असल्यासारखं वाटून झोप लागेना, आईनं बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. थंड वाटतं, बरं आपोआप होतं, आणि श्रेय बटाट्याला जातं. पुढच्या वेळी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी मेस्त्रींना सुनावलं. आता तिथं आपोआप काळी होणारी काच आहे, मीही तीच वापरते. फक्त तिच्या पुढची साधी काच ठिणग्यांनी खरबडली की बदलायची, नाहीतर पाणीच दिसत नाही.

पावसाळ्यात रॉड सादळतात. कोल्हापूरच्या जुलैत तर मीठही डब्यात कोरडं राहत नाही. पुडा फोडला की मी रॉड झाकण घट्ट बसणाऱ्या उंच डब्यात ठेवते, आत तांदळाची पुरचुंडी, आणि उन्हाची तिरीप आली की बाहेर. घामानं ओले हातमोजे घालून होल्डर धरत नाही. आर्क नसतानाही त्याच्यावर साठ-सत्तर व्होल्ट असतात.

गल्लीत कळल्यापासून कामं येतात. ‘मावशी, झोपाळ्याचा हुक मारून द्या की.’ झोपाळ्याचा हुक, गॅलरीचं रेलिंग, वरच्या मजल्याचा जिना, पेट्रोलची टाकी, हे मी करत नाही. ज्याच्यावर माणसाचं वजन टांगलं जाणार त्या जोडाच्या आत काय आहे ते मला बाहेरून ओळखता येत नाही. मेस्त्रींना येतं, म्हणून मी त्यांच्याकडं धाडते. काहींना वाटतं बाई भाव खातायत.

सध्या शाळेच्या बाकांचं घाटतंय. सातवीच्या वर्गातले डझनभर बाक जोडाला सुटलेत. पाइप १८ गेजचा, त्यावर रंगाचे थरावर थर, म्हणजे निम्मं काम घासण्याचं. दोन मिलिमीटरचा रॉड, पन्नासच्या आसपास अँपिअर, आणि ओढत न नेता एकेक टाका गार होऊ देत मारायचा, नाहीतर भोक. मुख्याध्यापकांना विजेच्या बिलाची धास्ती होती; त्यांना इस्त्रीएवढाच लोड येईल असं आकडे मांडून दाखवलं. अडचण आता जागेची आहे. प्रयोगशाळेत गॅसच्या नळ्या आहेत, व्हरांड्यात पोरं बघत उभी राहतात. सायकल स्टँडची शेड त्यातल्या त्यात बरी, पण ती दिवाळीच्या सुट्टीशिवाय रिकामी होत नाही, आणि तोवर सातवीला सांगितलंय की मागच्या बाकावर तिघांनी बसायचं नाही.